उजव्या चाकावरची टकटक

ट्रेलर घेऊन लांबच्या प्रवासाला निघायचं तुमच्या मनात असेल, तर जरूर निघा. फक्त निघण्याआधी जमिनीवर आडवं होऊन टायरची आतली बाजू बघा. आम्ही बाहेरची बघितली होती आणि ती छान दिसत होती.

जायचं ठरलं ते पुस्तकांमुळे. माझे सासरे, आप्पा, नागपूरहून निवृत्त होऊन आमच्याकडे मिशिगनमध्ये, नोव्हायला राहायला आले आणि आल्या आल्या त्यांनी आमच्या गॅरेजात मराठी वाचनालय काढलं. गाड्या बाहेर बर्फात आणि पुस्तकं आत उबेत, अशी आमच्या घरची व्यवस्था होती. रविवारी सकाळी माणसं पुस्तकं बदलायला येत, चहा पिऊन जात, आणि पुस्तक आणायला मात्र विसरत. मागच्या वर्षी आप्पा गेले. तिकडे वॉशिंग्टन राज्यात, रेडमंडला, काही मराठी कुटुंबांनी मिळून एक खोली भाड्याने घेतली होती. त्यांनी विचारलं, पुस्तकं आम्हाला द्याल का? माझा नवरा समीर लगेच हो म्हणाला. सासूबाई दोन दिवसांनी पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "पुस्तकं जाऊन राहिली, तर मीही जाते सोबत."

आता आईंची कंबर अशी, की अर्धा तास बसलं की पायापर्यंत कळ जाते. विमानाचं नाव काढायची सोय नाही. आडवं पडून जाता येईल असं काहीतरी हवं, असं मी म्हणायचा अवकाश, समीरच्या डोळ्यांत चमक आली. त्याला कित्येक वर्षं ट्रेलर घ्यायचा होता, फक्त बायकोच्या तोंडून निमित्त हवं होतं.

समीर डेट्रॉइटजवळ एका कंपनीत गाड्यांच्या सस्पेन्शनवर काम करतो. ओळखीच्या एका गृहस्थांकडून त्याने जुना ट्रेलर घेतला. चांगला लांबलचक, दोन ॲक्सल, चार चाकं. आत शेगडी, फ्रीज, संडास, एक पलंग आणि उजव्या भिंतीला लांब सोफा. टायरच्या अंगावर चार आकडे छापलेले असतात, कुठल्या वर्षी कुठल्या आठवड्यात बनला ते सांगणारे. डावीकडच्या दोन्ही टायरवर ते आकडे अलीकडचे होते. उजवीकडे दिसेनात, कारण पूर्ण आकडे एकाच अंगाला असतात आणि तिकडे ते अंग आत गेलेलं होतं. "चारही एकदमच घातले असतील," समीर म्हणाला. नक्षी चारही टायरची कोरी होती, त्यामुळे मलाही ते पटलं.

मग सामान भरायचा दिवस आला. समीरचा बेत असा की पुस्तकांचे खोके दोन्ही बाजूंना सारखे वाटायचे, काही मधल्या वाटेत ठेवायचे. आईंनी दारातच हात आडवा केला.

"वाटेत ठेवशील तर पाय लागतील."

"मग अर्धे डावीकडे ठेवू."

"डावीकडे काय आहे?"

डावीकडे संडास होता आणि त्याला लागून चपलांचं कपाट.

"सरस्वती संडासाच्या भिंतीला टेकवू? काहून, जागा संपली का?"

तर खोके डावीकडे नाहीत, वाटेत नाहीत, पलंगाखाली नाहीत (पुस्तकांवर झोपायचं?). उरली उजवी बाजू. सोफ्यावर आईंचं अंथरूण आणि त्यांच्या उशाशी, खिडकीपर्यंत, सगळे खोके पट्ट्यांनी बांधलेले. वर नोव्हायच्या मंडळींनी "जाताच आहात तर एवढं न्या" म्हणून दिलेलं: गणपतीची दगडी मूर्ती, समया, कुणाच्या भाच्यासाठी लोखंडी कढया. तेही उजवीकडेच, कारण गणपतीही संडासाजवळ बसत नाही. समीरने एकूण वजनाचा हिशेब केला, तो मर्यादेत होता. एका बाजूचं वजन कुणी केलं नाही. पुस्तकाला वजन असतं हे आमच्या घरात कुणाच्या डोक्यातच येत नाही.

आई मागे ट्रेलरमध्ये आडव्या आणि आम्ही बाकीचे पुढे, ट्रेलर ओढणाऱ्या पिकअपमध्ये, असे निघालो. चालत्या ट्रेलरमध्ये माणसाने बसावं का, याचे नियम राज्यागणिक बदलतात. आम्ही जिथून गेलो तिथे ते चालत होतं की नाही हे मी इथे लिहीत नाही. करू नका, एवढं लिहिते.

पहिला दिवस शिकागोच्या गर्दीतून सुटण्यातच गेला. मागे ट्रेलर असला की डिझेल निम्म्याने जास्त जातं आणि नवऱ्याची बोलण्याची इच्छा पूर्ण जाते. विस्कॉन्सिनमध्ये झाडीतल्या एका कॅम्पग्राउंडवर मुक्काम केला. वीज-पाणी जोडणीसकट रात्रीचे चाळीस-पन्नास डॉलर पडतात, सुट्टीच्या दिवसांत आधी आरक्षण करा. मी पिठलं केलं. पंधरा वर्षांच्या आमच्या इराने "इट्स ॲक्चुअली कोझी" असं प्रमाणपत्र दिलं. आई उशाशी खोक्यांना हात लावून झोपल्या. सगळं इतकं सुरळीत होतं की मी घरी फोटो पाठवले.

मिनेसोटात शिरलो आणि रस्त्याच्या कडेचे तुकडे माझ्या नजरेत भरायला लागले. फुटलेल्या टायरच्या काळ्या पट्ट्या, भरताच्या भाजलेल्या वांग्याची साल सोलून टाकावी तशा. आधी एखादी, मग दर काही मैलांवर. काहींमधून तारा बाहेर आलेल्या. प्रत्येक पट्टी म्हणजे कुणाचीतरी दुपार बिघडलेली, आणि ते कुणी आता तिथे नाही, असं सारखं मनात यायला लागलं. मी समीरला विचारलं.

"ट्रेलरचे टायर झिजून मरत नाहीत," तो म्हणाला. "हिवाळाभर एका जागी उभे असतात, आतून वाळतात. वरून नवे दिसतात. मग कुणी हवा कमी ठेवतो, कुणी वजन जास्त टाकतो, कुणी ताशी पासष्ट मैलांच्या वर पळवतो. टायर तापतो, आतले थर सुटायला लागतात आणि मग..."

"मग काय?"

"मग ही पट्टी."

त्या दुपारी पेट्रोल पंपावर थांबलो तेव्हा आईंना चहा द्यायला मी मागे गेले. आई जाग्या होत्या, छताकडे बघत पडल्या होत्या. चेहऱ्यावर एक प्रकारचं समाधान होतं. म्हणाल्या, "मीनल, ते टकटक करून राहिले."

हे सांगायला हवं. शेवटची काही वर्षं आप्पा अर्धांगाने अंथरुणावर होते. वाचा गेली होती. डाव्या हातातली अंगठी पलंगाच्या लाकडावर वाजवून ते बोलायचे. एकदा वाजवलं की पाणी. दोनदा, म्हणजे अवघडलोय, कूस बदल. तीनदा वाजवलं की काही नको, नुसती ये, जवळ बस. हाक ऐकली की आई हातातलं टाकून "आले हो" म्हणायच्या आणि जायच्या. आप्पा गेले तेव्हा ती अंगठी सुजलेल्या बोटातून निघाली नाही. ती त्यांच्याबरोबरच गेली.

"किती वेळा?" मी विचारलं. कशाला विचारलं, कोण जाणे.

"तीनदा. मग थांबतात. मग पुन्हा तीनदा. खालून."

मी समीरला सांगितलं. त्याने चारही चाकांची हवा मोजली, बोल्ट बघितले, ट्रेलरखाली वाकून पाहिलं. सगळं ठीक. "आई वर्षभर झोपलेली नाही, यार," तो हळू आवाजात म्हणाला. "ऐकू येणारच."

साउथ डकोटात मोठं आकाश बघायला जा असं लोक सांगतात. मोठं आहे हे खरं. त्याखाली दुसरं काही नाही हे कुणी सांगत नाही. रस्ता सरळ, दोन्हीकडे गवत, आणि त्या गवताला कुणीतरी हात फिरवत असल्यासारखा वारा. पुढच्या गावाच्या पाट्या पन्नास मैल आधीपासून लागतात आणि गाव आलं की ते एक धान्याची कोठी आणि बंद दुकान निघतं. एका ठिकाणी अंगणात सायकल पडलेली होती, दार उघडं होतं, आणि माणूस दिसला नाही. इराने गाणी बंद केली. का बंद केलीस विचारलं तर म्हणाली, "आय डोन्ट नो. इट फेल्ट लाइक समवन वॉज ट्राइंग टू लिसन."

मिसुरी नदीच्या वर चेंबरलेनला एक रेस्ट एरिया आहे, तिथे जरूर थांबा, नजारा फुकट आहे. समीर आणि इरा नदी बघायला गेले. ट्रेलर उभा होता, पिकअप बंद. मी आत चहाचं आधण ठेवत होते. आई माझ्याशेजारी ओट्याला टेकून आलं किसत होत्या. दोन्ही हात मला दिसत होते.

खालून आवाज आला. टक, टक, टक.

धातू लाकडावर वाजावा तसा. फार जोरात नाही. ज्याला ठाऊक आहे की आपलं ऐकलं जाईल, तो वाजवतो तसा.

आई किसणी न थांबवता म्हणाल्या, "आले हो."

मी बाहेर पळाले, चाकांभोवती फिरले. कुणी नव्हतं. वाहनतळावर आमचाच ट्रेलर होता. समीर परत आल्यावर म्हणाला, गाडी थांबली की ब्रेक आणि ॲक्सल निवतात, लोखंड आक्रसताना टकटक वाजतंच. मला ते ऐकून बरं वाटलं. इंजिनिअर नवऱ्याचा हा मोठा फायदा आहे, घाबरलं की कारण लगेच मिळतं.

पण मग त्याने तापमान मोजायची बंदूक आणून टायरवर धरली. डावीकडचे दोन्ही सारखे. उजवा पुढचा थोडा जास्त. उजवा मागचा त्याहून बराच जास्त.

"ऊन लागत असेल," मी म्हटलं.

समीरने उन्हाकडे बोट दाखवलं. आम्ही पश्चिमेला चाललो होतो. दिवसभर ऊन डावीकडे होतं. उजवी चाकं सावलीत होती.

त्याने हवा पुन्हा मोजली, वेग कमी करायचं ठरवलं, आणि आईंना विनवलं की काही खोके डावीकडे सरकवू दे. आईंनी मान हलवली. "त्यांनी सांगितलं तर सरकव," म्हणाल्या. समीरने माझ्याकडे बघितलं आणि पट्ट्या पुन्हा घट्ट केल्या. परवा ट्रक स्टॉपच्या काट्यावर वजन करू, असं आमचं ठरलं.

बॅडलँड्स हे या रस्त्यावरचं सगळ्यात बघण्यासारखं ठिकाण. पार्कचा पास घ्या, वळणांवर ट्रेलर हळू घ्या, कारण घट्ट वळणात दोन ॲक्सलची चाकं आडवी खरडली जातात आणि टायरचं आयुष्य तिथेच निम्मं होतं. करड्या-गुलाबी मातीचे सुळके, एक झाड नाही. संध्याकाळच्या उन्हात आई एका बाकावर उशी घेऊन टेकल्या होत्या. त्यांनी इराला जवळ बोलावलं आणि हातातल्या सोन्याच्या पाटल्या काढून तिच्या मनगटात घातल्या.

"आज्जी, दीज आर युअर्स."

"आता तुझ्या. मला काय करायच्या आहेत?"

इरा हसली, सेल्फी काढायला पळाली. ट्रेलरमध्ये जाऊन मी आईंची गोळ्यांची डबी उघडली. नोव्हाय सोडल्यापासून एकही गोळी कमी झालेली नव्हती. तेव्हा मला नीट कळलं की ही बाई पुस्तकं पोचवायला निघालेलीच नाही. हिला बोलावणं आलंय आणि ही जायला निघाली आहे. मला आवाजाची भीती वाटत होती ती गेली आणि दुसरीच, फार मोठी भीती वाटायला लागली.

"आई, गोळी घ्या," मी म्हटलं.

"तू जेवलीस का?" त्या म्हणाल्या, आणि गोळी हातात घेऊन तशीच उशीखाली ठेवली.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी पिकअपमध्ये बसलेच नाही. समीरला वॉकी-टॉकी दिली, एक माझ्याकडे ठेवली, आणि ट्रेलरमध्ये आईंच्या समोर, चपलांच्या कपाटाजवळच्या खुर्चीत बसले. बेल फूर्शवरून समीरने महामार्ग सोडून मोंटानातून जाणारा दोनशे बारा नंबरचा रस्ता घेतला. नकाशावर तो जवळचा दिसतो. जाणार असाल तर डिझेल आधीच पूर्ण भरा, फोनला रेंज नाही, आणि ब्रॉडस नावाच्या छोट्या गावाशिवाय मध्ये विचारायला कुणी नाही. ब्रॉडसला आम्ही सँडविच खाल्ली. वाढणारी बाई म्हणाली, "कीप युअर स्पीड डाउन, हनी. इट्स अ हॉट रोड टुडे." समीरने मान डोलावली. तो आधीच इतका हळू चालवत होता की मागचे ट्रक आम्हाला शिव्या देत पुढे जात होते.

गावाबाहेर पडल्यावर काही वेळ काहीच नव्हतं. पडदे हलत होते, खोक्यांवर कढया किणकिणत होत्या. आई डोळे मिटून, खोक्यांकडे डोकं करून पडल्या होत्या. हात छातीवर. मी त्यांच्याकडे बघत बसले होते, श्वास चालू आहे ना हे बघत.

टक, टक, टक.

मी ऐकलं. चालत्या गाडीच्या सगळ्या खडखडाटातून ते वेगळं ऐकू आलं, माझ्या पायाखालून नाही, आईंच्या पाठीखालून.

"आले हो," आई म्हणाल्या. डोळे मिटलेलेच.

"आई, उठा. माझ्याजवळ येऊन बसा."

"राहू दे गं."

टक, टक, टक.

"आई, माझ्यासाठी उठा." मला रडू फुटलं होतं. मी वॉकी-टॉकीचं बटण दाबून समीरला थांब म्हटलं, पण तिकडून नुसती खरखर आली. मी उठून आईंचा हात धरला आणि ओढला. त्यांनी सोडवून घेतला, अगदी हळुवारपणे, लहान मुलाचा हात सोडवावा तसा.

मग पुन्हा आवाज आला. टक, टक.

दोनच.

मी तिसऱ्याची वाट बघितली. तो आला नाही. आईंनी डोळे उघडले. कपाळाला आठी पडली, झोपेतून उठवल्यावर पडते तशी. "अवघडले वाटतं," असं पुटपुटत त्यांनी पाय खाली सोडले, कंबर धरली आणि उभ्या राहिल्या. वर्षानुवर्षं रात्री-अपरात्री त्या अशाच उठल्या असतील. कळ आली तरी उठल्या. भिंतीला धरत दोन पावलं टाकून ओट्यापर्यंत आल्या, आणि मग काय करायचं ते न कळून तिथे थांबल्या, कारण कूस बदलायला तिथे कुणीच नव्हतं.

तेवढ्यात तो फुटला.

त्या आवाजाचं वर्णन मला जमणार नाही. जमीन वर आली एवढंच दिसलं. सोफ्याखालचं प्लायवुड फाटून वर उसळलं, अंथरूण हवेत गेलं, धूळ आणि जळक्या रबराचा वास. ट्रेलर उजवीकडे झुकला, डावीकडे आला, मी आईंना कवटाळून ओट्याला घट्ट धरलं. समीरने ब्रेक दाबले नाहीत, वेग आपोआप उतरू दिला. ते त्याने बरोबर केलं, टायर फुटल्यावर ब्रेक दाबू नका. खूप वेळाने आम्ही थांबलो.

मग इतकी शांतता झाली की गवतातल्या कुठल्यातरी पक्ष्याची शीळ ऐकू येत होती. दार उघडून समीर आणि इरा आत आले. इरा "आज्जी, आज्जी" एवढंच म्हणत होती. समीरने सोफ्याकडे बघितलं. तारा बाहेर आलेली टायरची एक जाड पट्टी जमीन फोडून गादीतून आरपार वर आली होती. जिथे आईंची कंबर होती, बरोबर तिथे. उशाशी खोके जागच्या जागी होते. एक पुस्तकही पडलं नव्हतं.

"कूस बदलायची होती त्यांना," आई म्हणाल्या. "म्हणून उठले." आणि मग त्यांनी माझा हात घट्ट धरला.

एक शेतकरी जोडपं थांबलं. त्यांनी आम्हाला त्यांच्या गाडीच्या सावलीत बसवलं, थंड पाणी दिलं आणि पुढे जाऊन रेंजमधून टायरवाल्याला फोन केला. तो व्हॅन घेऊन आला तो संध्याकाळ व्हायच्या सुमारास. समीर तोवर ट्रेलरखाली झोपून टॉर्चच्या उजेडात आतल्या बाजूचे आकडे वाचून बाहेर आला होता. उजवीकडचे दोन्ही टायर इरा बालवाडीत होती तेव्हाचे होते. आधीच्या मालकाने फक्त डावे बदलले होते. म्हातारं रबर, त्यावर आमची सरस्वती आणि दगडी गणपती. फुटलेल्याच्या शेजारच्या टायरनेही एकट्याने भार घेतल्यामुळे अंगावर फुगा आणला होता. हे लक्षात ठेवा: एक गेला की शेजारचाही बदलायचा, तो वरून धड दिसला तरी.

टायरवाला आत डोकावला, गादीकडे बघून त्याने टोपी काढली. "हू वॉज स्लीपिंग हियर?"

इराने आज्जीकडे बोट दाखवलं.

"यू मस्ट हॅव हर्ड इट थंपिंग," तो म्हणाला. आतला थर सुटायला लागला की टायरला टेंगूळ येतं आणि दर फेरीला ते आपटतं, पुढे चालवणाऱ्याला ऐकू येत नाही, मागे बसलेल्याला येतं, असं त्याने समजावलं. समीरने जोरजोरात मान हलवली. मीही हलवली. टेंगूळ होतं तर. इतकं बरं वाटलं की मी त्या माणसाला उरलेल्या चकल्या बांधून दिल्या.

खोके त्या संध्याकाळीच वाटले. आईंनी स्वतः सांगितलं, अर्धे डावीकडे ठेव. संडासाच्या भिंतीवर आधी एक धुतलेली चादर लावून घेतली, मग ठेवू दिले. तिथून पुढे त्या पिकअपमध्ये पुढच्या सीटवर, तीन उशा लावून बसल्या आणि आम्ही दर थोड्या वेळाने थांबत गेलो. आयडाहोत चेरी घ्या, रस्त्याकडेला छान मिळतात.

रेडमंडला पोचलो तर खोलीत फळ्या आधीच ठोकून ठेवलेल्या. पुस्तकं लावायला खूप हात होते. आई खुर्चीत बसून कुठलं कुठे ते सांगत होत्या, चुकलं की रागावत होत्या. संध्याकाळी त्यांनी इराला हाक मारली. "दे बाई त्या पाटल्या परत. हात ओकेबोके वाटतात. तुझ्या लग्नात देईन, आणि तोवर मराठीत बोलायला शीक."

"डील, आज्जी," इरा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी यजमानांकडे नाश्त्याला बसलो असताना समीर टिश्यू पेपरवर काहीतरी आकडेमोड करत होता. मग त्याने पेन खाली ठेवलं.

"काय झालं?"

"त्या वेगाला चाक सेकंदाला दहा-अकरा वेळा फिरतं," तो म्हणाला. "टेंगूळ आपटलं असतं तर सलग घरघर ऐकू आली असती. टकटक नाही. तीन वाजून थांबणं तर शक्यच नाही." जरा थांबून म्हणाला, "आणि चेंबरलेनला गाडी उभी होती."

त्याने तो कागद चुरगळून खिशात घातला. आम्ही उपमा खाल्ला. यजमानांनी विचारलं, आणखी हवा का, आम्ही दोघं एकदमच हो म्हणालो.

परतीचा प्रवास रिकाम्या ट्रेलरने, चार नव्या टायरवर, महामार्गाने केला. काहीही वाजलं नाही. तुटलेल्या जमिनीवर समीरने प्लायवुडचा तुकडा ठोकून घेतला होता. तुम्हाला सांगण्यासारखं आहे ते एवढंच: आकडे आतून वाचा. हवा सकाळी टायर थंड असताना मोजा. काट्यावर वजन कराल तर एकेका बाजूचं करा. आणि मागे कुणी काही ऐकू येतं म्हणालं, तर थांबा. कारण नंतर शोधता येतं.

घरी येऊन आता महिना होत आला. ट्रेलर आमच्या दारात उभा आहे. गॅरेज रिकामं झालं, गाड्या आत आल्या. आई गोळ्या वेळेवर घेतात, माझ्याशी पोह्यात साखर घालण्यावरून वाद घालतात. माझ्यासारख्या पुण्याच्या माणसांना नागपूरचं तिखट सोसत नाही हे त्यांचं जुनं मत कायम आहे. दुपारी मात्र त्या ट्रेलरमध्ये जाऊन झोपतात. त्याच सोफ्यावर, त्या प्लायवुडच्या तुकड्यावर. मी एकदा विचारलं, भीती नाही वाटत? म्हणाल्या, "आपल्या माणसाची काय भीती?"

काल चार वाजता मी चहा घेऊन गेले. दार लावलेलं होतं. हातात कप, मनात ऑफिसचं काहीतरी, आणि मी सहजच, काहीही विचार न करता, दारावर बोटाने वाजवलं. तीनदा. वाजवल्यावर मला कळलं.

आतून आईंचा आवाज आला, झोपेतला, आणि त्यात असं लाडिक काहीतरी होतं, जे मी आजवर ऐकलं नव्हतं.

"अहो, अजून नाही."

मी कप पायरीवर ठेवला, त्याच्या शेजारी बसले, आणि त्या आपणहून उठेपर्यंत चहा निवू दिला.